सोडली की काढलं

माझ्या साडूला कंपनीतून काढलं, त्या संध्याकाळी तो जिलेबी घेऊन आमच्या गावाला, उंद्रीला, माझ्या घरी आला. मला वाटलं, पोरगी पास झाली असेल. तर पुडा सोडत म्हणतो, "भाऊ, मले आज काढलं."

मी म्हटलं, "मंग जिलेबी कायले?"

"रस्त्यात तो गरम गरम काढून राह्यला होता. अन् रडून काय भेटते?"

माझी बायको हसली. माझ्या बोलण्यावर ती शेवटची कधी हसली होती, ते मला आठवेना. मी जिलेबी खाल्ली. जिलेबी चांगली होती आणि तेही मला आवडलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. संग्रामपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस. तिकडे त्याचं गाडी दुरुस्तीचं दुकान होतं, ते चाललं नाही. मग सासऱ्यांनी मला शब्द टाकला आणि मी त्याला चिखलीच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीत चिकटवलं. आमची कंपनी ठिबकच्या नळ्या करायची. मी डिस्पॅचला सुपरवायझर, तो मशीनवर. त्याला नोकरी मी लावली, हे वाक्य मी त्या काळात कुठं कुठं बोललो असेन त्याला हिशेब नाही. लग्नात, मौतीत, दवाखान्यात. पण वर्षभरात असं झालं की गेटवरचा वॉचमन नवीन माणसाला माझी ओळख करून देताना म्हणायचा, "हे त्याचे साडू." हुद्द्यानं मी वर, वयानं मी वर, आणि ओळख त्याची.

मला त्याचा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. तो घोरतो त्याचासुद्धा वाटतो. पाठ टेकली की घोरतो, आणि मी गोळी घेऊन आढ्याकडे बघत पडलेला असतो.

कंपनीनं दुसरी पाळी बंद केली म्हणून कपात झाली. मशीनवरच्या लोकांना सरळ सांगितलं, उद्यापासून येऊ नका. टेबलावर बसणाऱ्यांना मात्र एचआरच्या साहेबानं एकेकट्याला केबिनमध्ये बोलावलं. माझी पाळी साडूनंतर त्याच आठवड्यात आली. साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान, पण बोलायला गोड. म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाचं नाव कपातीच्या यादीत बरं दिसत नाही. यादी गेटवर लागणार. त्यापेक्षा राजीनामा द्या आणि मानानं जा." मान म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. मी तिथल्या तिथं कागद मागितला, आणि अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिला.

हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजणार नाही. आमच्या गावात नोकरी सोडणारा माणूस वेगळा आणि काढलेला वेगळा. सोडली म्हटलं की टपरीवरचे लोक सरकून जागा देतात. म्हणतात, गड्यात दम हाये. काढलं म्हटलं की तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण पाठ वळली की सुरू होतं: "नळ्या इकल्या असतीन. नाई तं पिऊन गेला असंन." मंदी, पाळी बंद होणं, कपात, असलं काही टपरीवर कोणी ऐकून घेत नाही. काढलं म्हणजे काहीतरी केलंच असेल.

म्हणून मी गावात सांगितलं, सोडली.

पण घरात तसं सांगायची सोय नव्हती. पोरगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. अशा वेळी आपण होऊन नोकरी सोडली म्हटलं असतं तर बायकोनं मला घराबाहेर काढलं असतं. म्हणून तिला सांगितलं, काढलं. ती बिचारी दोन दिवस माझ्याशी फार मायेनं वागली. गावात सोडली आणि घरात काढलं, असे दोन शब्द आपापल्या जागी नीट राहत होते. बायको टपरीवर जात नाही आणि टपरीवरचे लोक माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत. साडूनं कंपनीतल्या लोकांकडून ऐकलं होतं की मी सोडली. ते त्याच्याकडून घरी जाईल याची मला धास्ती होती, पण दोघी बहिणी फोनवर 'गेली' एवढंच म्हणायच्या. "तुमची गेली, आमचीबी गेली." हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात दोन्ही बसतं.

पुढच्याच महिन्यात साडू परत आला. या खेपेला त्याच्या डिक्कीत मेथीच्या जुड्या होत्या आणि तोंडावर बातमी होती.

"भाऊ, बेकारीभत्ता भेटून राह्यला," तो म्हणाला. "आपल्या पगारातून विम्याचे कापत होते ना, त्याच्यातून. काही महिने अर्धा पगार देतेत. मी खामगावच्या ऑफिसात जाऊन आलो. म्हणलं, मी बेकार हावो, मले भत्ता द्या."

"असं म्हणाला तू? सगळ्यांसमोर?"

"मंग काय कानात सांगू?"

"लाज नाई वाटली?"

"लाज कायची? माझेच कापेल हायेत."

त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. आमच्याकडे फाटलेलं दूध बेकार, खड्ड्यांचा रस्ता बेकार, नासका आंबा बेकार. तो शब्द हा माणूस स्वतःला लावून घेत होता, आणि असा लावत होता की जणू कुणी पदवी दिली. बायकोनं मेथी निवडायला घेतली. त्या संध्याकाळी माझ्या घरात साडूच्या बेकारीची भाजी शिजली. मी पोट दुखतं म्हणून जेवलो नाही.

भत्ता त्याच्या खात्यावर जमा झाला. त्यानं माणूस श्रीमंत होत नाही, पण त्याची चाल बदलली. दुपारी झोपायचा. सकाळी बायकोला गाडीवर मागे बसवून देवीला न्यायचा. ओळखीच्यांच्या मोटारसायकली दुरुस्त करून द्यायचा आणि नवीन काम शोधायचा, तेही हसत. मी रोज अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टपरीवर बसायचो आणि नोकरी सोडलेल्या माणसानं कसं बसावं तसं बसायचो. ते बसणं कंपनीतल्या कामापेक्षा जड होतं. त्याचं पोट कमी झालं, माझं पित्त वाढलं.

बायकोनं विचारायला सुरुवात केली. ती दुसरबीडची, तिच्या माहेरचं बोलणं जालन्याकडं झुकतं. इतकी वर्षं उंद्रीत काढूनही रागावली की तिचं 'काहून' बाहेर येतं.

"धाकलीच्या घरी भत्ता यायला लागला. तुम्ही काहून नाही अर्ज भरत?"

"भरू ना."

"कधी?"

"सर्व्हर बंद हाये."

साऱ्या जिल्ह्यात सर्व्हर चालू होता, फक्त माझ्या घरापुरता बंद. मी असं किती दिवस ढकललं असतं कोणास ठाऊक, पण साडूच्या खात्यात भत्ता पडलेला आणि माझ्या खात्यात नाही, हे मलाच बघवत नव्हतं. शेवटी मी गोठ्यामागे जाऊन एचआरच्या साहेबाला फोन लावला.

त्यानं नियम सांगितला. ज्याला काढलं त्याला भत्ता. ज्यानं राजीनामा दिला त्याला नाही. कारण त्यानं आपण होऊन सोडली.

मी म्हटलं, "साहेब, पण तुम्हीच तर म्हणाले..."

"मी मानासाठी म्हणालो," तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमचा कागद अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी वर जातो. परत पाहिजे असेल तर त्याआधी येऊन घेऊन जा. तुमचं नाव कपातीत टाकतो. पण मग गेटवरच्या यादीत चढेल, ते मात्र माझ्या हातात नाही."

आमच्या गावची दहा-बारा माणसं अजून त्या गेटमधून आत जातात. सकाळी यादीत नाव चढलं की संध्याकाळच्या चहाला ते उंद्रीत पोहोचलेलं असणार. म्हणजे भत्ता घ्यायचा तर काढलेला माणूस म्हणून राहायचं, आणि मान ठेवायचा तर पोरीच्या फीला कोणापुढं तरी हात पसरायचा. मी विचार केला. खरं सांगायचं तर पोरीचा विचार कमी केला आणि साडूचा जास्त. मला भत्ता हवा होता की त्याला एकट्याला तो मिळू नये असं हवं होतं, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आणि यादीत आपलं नाव त्याच्या नावाखाली लागणार, हे तर मला चावून चावून खात होतं.

त्यातच रविवारी सासुरवाडीला धोंडे जेवायचं बोलावणं होतं.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात लेकी-जावयांना बोलावतात, जावयाचे पाय धुतात, पुरणाचे धोंडे जेवू घालतात, कपडे करतात, अनारशांचं वाण देतात. त्या दिवशी जावई म्हणजे नारायण. नारायणाची नोकरी असली काय आणि नसली काय, पाय धुतलेच जातात. आणि आमच्या सासुरवाडीत थोरल्या जावयाचा पाट उजवीकडे. पहिलं पाणी त्याच्या पायावर, पहिलं तूप त्याच्या ताटात. त्याचं लग्न झाल्यापासून साडूच्या आधी काही मिळायची माझी ही एकच जागा उरली होती, आणि ती मी जपून ठेवली होती.

दुसरबीडला पोहोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. साडू आधीच येऊन कूलरसमोर बसला होता आणि सासूबाई त्याच्याशी हसत होत्या. मला पाहून त्या पदर सावरून उठल्या. हाही फरक मी टिपला. माझ्यासाठी उठतात, त्याच्यासमोर हसतात. उठण्यापेक्षा हसणं महाग आहे.

पाय धुणं झालं, माझे आधी. आम्ही पाटांवर बसलो. समोर सासरे आणि त्यांचे एक चुलत भाऊ, असे दोघं जेवायला. बायको आणि तिची बहीण वाढायला. सासऱ्यांचा आवाज मोठा, एकेकाळी ग्रामपंचायत गाजवलेला. पहिला घास घ्यायच्या आत ते भावाला म्हणाले,

"हे आमचे थोरले जावई बगा. यांनी नोकरी सोडली. सायबाच्या टेबलावर कागद ठिवला आन् निघून आले म्हणतेत."

"व्हय का?" चुलत सासरे म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कंपनीतल्या सगळ्या वर्षांत माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं.

साडू तोंडातला घास सांभाळत म्हणाला, "हाव ना. भाऊनं लाथ मारली नोकरीले. मले तं हाकललं." आणि स्वतःच हसला. त्याच्याबरोबर सगळे हसले.

तो मनापासून बोलत होता, हे मला चांगलं कळत होतं. माझी बढाई सासऱ्यांपर्यंत त्यानंच पोहोचवली होती, आणि त्याला माझा अभिमान होता. मला त्याचा असा अभिमान कधी वाटला नाही. तरी त्या क्षणी माझी मान ताठ झाली. पाटावर मी थोडा सरकून बसलो.

बायको आमटी वाढत होती. तिचा हात थांबला.

"कोणी सोडली?" तिनं विचारलं.

"तुझ्या मालकानं. दुसरं कोण सोडणार?" सासरे म्हणाले.

तिनं पळी पातेल्यात ठेवली. वडिलांसमोर ती माझ्याशी कधी तोंड वर करून बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"तुम्ही तर मला सांगितलं, काढलं म्हणून. त्या बोलण्यावर मी पोरीच्या कॉलेजात जाऊन फीला मुदत मागून आले. बाईंसमोर डोळ्याला पदर लावला. आता एकच सांगा. सोडली का काढलं?"

साडूनं खाणं थांबवलं होतं. त्याला काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, पण काय ते कळत नव्हतं, आणि तो माझ्याकडे असा बघत होता की मी बोललो की तो लगेच त्याला हो म्हणेल. सोडली म्हणालो असतो तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की सोडली. काढलं म्हणालो तर म्हणाला असता काढलं. त्याला शब्दाचं काही नव्हतंच. मला मात्र त्या दोन शब्दांपलीकडे काही दिसत नव्हतं. सोडली म्हटलं तर उजवीकडचा पाट राहतो, आणि सोमवारी कागद वर जातो. काढलं म्हटलं तर हा माणूस आणि मी एका रांगेत, आणि रांगेतही तो पुढं.

बायको उभीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मी कदाचित सोडलीच म्हणालो असतो.

"काढलं," मी म्हणालो.

माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. म्हणून परत म्हणालो. "राजीनामा त्यांनी मागून घेतला. पण काढलंच."

चुलत सासरे ताटाकडे बघायला लागले. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले. "वाढा गं." सासूबाई आतून आल्या आणि त्यांनी माझ्या धोंड्यावर तूप घातलं. पुन्हा घातलं. आजाऱ्याला आग्रह करतात तसं करत होत्या. बायकोनं पळी उचलली आणि आमटी वाढली, माझ्या वाटीत आधी. तिचा चेहरा सैल झाला होता. मी खोटं बोललो याचा राग तिला पुढं बरेच दिवस पुरला. त्या घटकेला मात्र आपण कॉलेजात खोटं रडलो नाही, एवढंच तिला पाहिजे होतं.

मग चुलत सासऱ्यांनी साडूकडे वळून विचारलं, "बापू, तुमचं ते भत्त्याचं कसं जमलं? जरा यांनाबी सांगा की."

"सांगतो ना," साडू म्हणाला आणि लगेच पाटावरून माझ्याकडे सरकला. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. "भाऊ, काईच टेन्शन नोका घेऊ. मी येतो ना संग. मले सगळे वळखतेत तिथं."

त्याला नोकरीला मी लावलं होतं. आता तो मला बेकारीला लावणार होता.

सोमवारी सकाळी मी माझी गाडी त्याच्या चिखलीच्या खोलीपाशी लावली. पेट्रोल कशाला दोन गाड्यांचं जाळायचं, म्हणून त्याच्याच गाडीवर मागे बसलो. आधी कंपनीत गेलो. साहेबानं माझा राजीनामा मला परत दिला, आणि मी तो तिथंच फाडला. इतकं चांगलं अक्षर फाडताना जिवावर आलं. बाहेर येईपर्यंत वॉचमन यादीत शेवटी माझं नाव पेनानं लिहीत होता. आमच्या गावचा एक पोरगेला कामगार तिथं तंबाखू मळत उभा होता. "काका, तुमाले बी काढलं का?" त्यानं विचारलं. मी हाव म्हटलं. तो म्हणाला, "लय बेकार झालं."

खामगावच्या ऑफिसात गर्दी नव्हती, पण रांग होती. रांगेतल्या दोघांनी साडूला रामराम केला. खिडकीतला माणूस त्याला बघून म्हणाला, "काय, आज पुन्हा?"

"आज माझं नाई," साडू म्हणाला. "हे आमचे मोठे साडू. नवीन हायेत."

खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याच्या नजरेत मानही नव्हता आणि हेटाळणीही नव्हती. पुढ्यात काम आल्यावर बघतात तसं बघितलं. मग विचारलं, "नोकरी कशी गेली?"

मागे रांग होती. "काढलं," मी म्हणालो, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"बराबर," साडू म्हणाला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटत होता. पण परत जायचं होतं, आणि गाडी त्याची होती.